फेस अनलॉक कधी चालते, कधी अडते: दोष शोधायचा कसा आणि दूर करायचा कसा

फोन चेहऱ्यासमोर धरला, कुलपाचे चिन्ह क्षणभर हलले आणि पुन्हा पिन मागितला गेला, असे दिवसातून चार-पाच वेळा होऊ लागले की बहुतेक जण सेटिंग्जमध्ये जाऊन नोंदवलेला चेहरा पुसून टाकतात आणि नव्याने नोंदवतात. हा उपाय काही वेळा लागूही पडतो, पण तो अगदी शेवटी करावा असे माझे मत आहे. दोष काचेवर, उजेडात किंवा फोनच्या सुरक्षा-नियमांत असेल, तर नवी नोंदही जुनीसारखीच अडखळते. शिवाय काही फोन रोजच्या वापरातून आपल्या चेहऱ्याची जी बारीकसारीक ओळख जमवत आलेले असतात, ती नोंद पुसताक्षणी वाया जाते. म्हणून खालचा क्रम असा लावला आहे की ज्यात काही पुसावे लागत नाही ती कामे आधी येतात.

सुरुवात करण्यापूर्वी एकच खबरदारी घ्यावी. आपला पिन, पासकोड किंवा पॅटर्न नीट आठवतो याची खात्री करून घ्यावी, कारण चेहऱ्याशी संबंधित प्रत्येक सेटिंग उघडताना तो विचारला जातो. फोन चेहऱ्यानेच उघडण्याची सवय झालेल्या माणसाला तो ऐनवेळी आठवत नाही, ही कल्पनेतली अडचण नाही.

तुमचा फोन चेहरा कशाने पाहतो?

चेहरा ओळखण्याच्या दोन अगदी वेगळ्या पद्धती आहेत आणि एका पद्धतीचा उपाय दुसरीला चालेलच असे नाही. पहिल्या पद्धतीत समोरचा साधा सेल्फी कॅमेरा चेहऱ्याचे सपाट चित्र घेतो आणि ते नोंदवलेल्या चित्राशी ताडून पाहतो. २०११ मध्ये अँड्रॉइड ४.० सोबत फेस अनलॉक आले ते याच पद्धतीचे होते. छापील फोटो दाखवूनही ते फसत असे, म्हणून पुढच्या ४.१ आवृत्तीत पापण्या मिटून दाखवण्याची अट घालण्याची सोय आली. आजही पुष्कळ अँड्रॉइड फोन मुळात याच पद्धतीने चालतात, फक्त त्यांचे गणित बरेच सुधारले आहे.

दुसऱ्या पद्धतीत फोन स्वतःच चेहऱ्यावर डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरण टाकतो. २०१७ च्या आयफोन एक्सपासून आलेल्या फेस आयडीमध्ये एक छोटा प्रक्षेपक चेहऱ्यावर ३०,००० पेक्षा जास्त अदृश्य ठिपके पाडतो, दुसरा दिवा संपूर्ण चेहरा इन्फ्रारेड प्रकाशाने उजळवतो आणि एक खास कॅमेरा ते सारे वाचून चेहऱ्याची खोली, म्हणजे नाक किती पुढे आणि डोळ्यांच्या खोबणी किती आत, हे मोजतो. गूगलच्या २०१९ च्या पिक्सेल ४ मध्येही इन्फ्रारेड यंत्रणा होती. पिक्सेल ७ मध्ये मात्र पुन्हा साधा कॅमेरा आला.

आपला फोन कोणत्या गटात आहे हे ओळखण्यासाठी खोलीत पूर्ण अंधार करावा, स्क्रीनचा उजेड अगदी कमीवर आणावा आणि फोन उघडून पाहावा. इन्फ्रारेडवर चालणारा फोन निमूटपणे उघडतो. साध्या कॅमेऱ्याचा फोन चाचपडतो, किंवा चेहरा दिसावा म्हणून स्वतःच स्क्रीन एकदम पांढरीशुभ्र करतो. ती पांढरी झाली, तर उत्तर मिळालेच. साध्या कॅमेऱ्याची आणखी एक खूण म्हणजे चेहरा नोंदवताना ‘तुमच्यासारखी दिसणारी व्यक्ती हा फोन उघडू शकेल’ अशा अर्थाची सूचना ठळकपणे आलेली असते आणि बँकेचे ॲप चेहरा न स्वीकारता बोटाचा ठसा किंवा पिनच मागते. या खुणेलाही अपवाद आहेत: पिक्सेल ८ साध्या कॅमेऱ्यावर चालूनही पैशांच्या व्यवहारासाठी चेहरा स्वीकारतो. म्हणून अंधाराची चाचणी अधिक भरवशाची समजावी.

दोन दिवस फक्त पाहा

यानंतर एक कंटाळवाणे पण मोलाचे काम येते. दोन दिवस कोणतीही सेटिंग न बदलता, प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची एका ओळीत नोंद ठेवावी: वेळ काय होती, उजेड कुठून येत होता, फोन हातात होता की टेबलावर, चष्मा होता का आणि स्क्रीनवर नेमके कोणते शब्द आले. यातला शेवटचा मुद्दा लोक हमखास गाळतात आणि तोच सर्वांत उपयोगी असतो. ‘चेहरा दिसत नाही’, ‘कॅमेरा झाकला गेला आहे’, ‘चेहरा जुळला नाही’ आणि ‘अधिक सुरक्षेसाठी पिन आवश्यक आहे’ या चार सूचना चार वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. पहिल्या दोन आल्यास काच, उजेड आणि कोन तपासायचे. तिसरी आल्यास चेहऱ्याची नोंद. आणि चौथी आल्यास फोनमध्ये दोष मुळीच नाही.

फोन प्रयत्नच करत नसेल, तर

चौथ्या प्रकाराचा उलगडा आधी करू, कारण तो समजला की कित्येक तक्रारी तिथेच मिटतात. चेहरा हा पासकोडला दिलेला पर्याय असतो, त्याची जागा तो घेत नाही, आणि म्हणून फोन ठराविक प्रसंगी मुद्दाम पासकोडच मागतो. आयफोन बंद करून सुरू केला, ४८ तासांहून अधिक काळ उघडला नाही, चेहरा लागोपाठ पाच वेळा जुळला नाही किंवा फोन दुरून लॉक केला गेला, की पासकोड द्यावाच लागतो. याखेरीज एक कमी माहीत असलेला नियम आहे: गेल्या साडेसहा दिवसांत पासकोड एकदाही वापरला नसेल आणि गेल्या चार तासांत फोन चेहऱ्याने उघडला नसेल, तरीही तो मागितला जातो. आठवड्यातून एकदा, बहुधा सकाळी उठल्यावर, ‘आज याला काय झाले?’ असा प्रश्न पडतो त्याचे कारण बऱ्याचदा हेच असते.

अँड्रॉइडमध्ये ओळखण्याच्या यंत्रणा किती सहज फसवता येतात त्यावरून त्यांचे तीन वर्ग केलेले आहेत. सर्वांत भक्कम वर्गाच्या यंत्रणेला ७२ तासांतून एकदा पिनची जोड लागते. खालच्या दोन वर्गांना २४ तासांतून एकदा, शिवाय फोन सलग चार तास नुसता पडून राहिला तरीही. साध्या कॅमेऱ्यावर चालणारे बहुतेक फेस अनलॉक खालच्या वर्गांत मोडते. रात्री झोपताना बाजूला ठेवलेला फोन सकाळी पहिल्यांदा पिनच मागत असेल, तर तो नियम पाळतो आहे, एवढेच. कितीही वेळा चेहरा नव्याने नोंदवला तरी ते बदलणार नाही.

काही वेळा याच्या उलट घडते. फोनने चेहरा ओळखलेला असतो, कुलूप उघडलेलेही असते, पण पडदा लॉक स्क्रीनवरच थांबतो आणि आपल्याला तो फसला असे वाटते. आयफोनमध्ये ही रचनाच आहे: कुलपाचे चिन्ह उघडे दिसले की खालून वर बोट फिरवायचे असते. सॅमसंगच्या फोनमध्ये ‘स्टे ऑन लॉक स्क्रीन अनटिल स्वाइप’ आणि पिक्सेलमध्ये ‘स्किप लॉक स्क्रीन’ अशी सेटिंग असते, ती आपल्या सोयीप्रमाणे बदलावी.

काच, स्क्रीन गार्ड आणि कव्हर

आता ‘चेहरा दिसत नाही’ या सूचनेकडे वळू. फोन कानाला लावून बोलताना गालाचे तेल आणि घाम नेमका समोरच्या कॅमेऱ्याच्या भोवती बसतो. तो थर इतका पातळ असतो की समोरून दिसत नाही. स्क्रीन बंद करून फोन दिव्याखाली तिरका धरला की इंद्रधनुषी डाग दिसतो. चष्मा पुसण्याचे कोरडे, मऊ कापड पुरते. डाग चिवट असेल तर कापड किंचित ओलसर करावे, पण द्रव थेट काचेवर टाकू नये, कारण वरची कानाजवळची जाळी लगतच असते. साध्या कॅमेऱ्याच्या फोनसाठी एक सोपी परीक्षा आहे: सेल्फी कॅमेरा उघडून मागच्या दिव्याकडे पाहावे. दिव्याभोवती धूसर वलय दिसले, तर फोनलाही आपला चेहरा त्याच वलयातून दिसत असतो.

स्क्रीन गार्डबद्दल मी स्वानुभवाने सांगू शकतो. माझा फोन एकदा अचानक दर तीन प्रयत्नांत एकदा फसू लागला आणि मीही तीन वेळा चेहरा पुसून पुन्हा नोंदवला. फरक पडला नाही. शेवटी टॉर्चच्या उजेडात वरची कड निरखून पाहिली, तेव्हा नुकत्याच बसवलेल्या गार्डची काळी किनार स्क्रीनच्या वरच्या, समोरचा कॅमेरा असलेल्या काळ्या खाचेवर जेमतेम एक मिलिमीटर सरकलेली दिसली, आणि तिच्याखाली हवेचा चंद्रकोरीएवढा बुडबुडा अडकलेला होता. त्या खाचेत कॅमेरा एकटा नसतो. प्रक्षेपक, इन्फ्रारेड दिवा आणि इन्फ्रारेड कॅमेरा शेजारीशेजारी दाटीने बसवलेले असतात आणि आपल्याला मात्र काळ्या पट्टीत त्यांपैकी एखाद-दुसराच गोल दिसतो. त्यामुळे ‘कॅमेरा तर मोकळा आहे’ ही समजूत फसवी ठरते. गार्ड काढला आणि दोष त्या क्षणी गेला.

म्हणून गार्ड आणि कव्हर दोन्ही काढून एक दिवस फोन वापरून पाहावा. गार्ड पुन्हा लावायचा असेल, तर वरच्या पट्टीपाशी कापून मोकळा ठेवलेला घ्यावा. शेजारच्याला पडदा दिसू नये म्हणून लावतात ते काळसर गार्ड बाजूने येणारा प्रकाश अडवतात, आणि त्यांनी कॅमेऱ्याची जागाही झाकली असेल तर त्यांच्यावर संशय सर्वांत आधी घ्यावा. जाड कव्हरची वरची कड पुढे आलेली नाही ना, तेही पाहावे.

उजेड, अंतर, कोन

साध्या कॅमेऱ्याच्या फोनला उजेड चेहऱ्यावर हवा असतो, पाठीमागे नको. खिडकीकडे पाठ करून बसले की कॅमेरा मागच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि चेहरा काळवंडतो. तुमच्या नोंदीत दुपारचे अपयश एकाच खुर्चीत येत असेल, तर खुर्ची फिरवून पाहणे हाच उपाय आहे. रात्रीसाठी सॅमसंगसारख्या काही फोनांत चेहरा ओळखताना स्क्रीन उजळवण्याची सोय असते, ती सुरू ठेवावी. इन्फ्रारेड फोनला अंधाराची पर्वा नसते. पण उन्हातही इन्फ्रारेड किरण असतातच, आणि कडक ऊन थेट भिंगावर पडत असेल तर फोनला स्वतःचे ठिपके वाचणे जड जाते. अशा वेळी शरीराची सावली फोनवर पडेल असे वळावे.

अंतर साधारण २५ ते ५० सेंटिमीटर असावे, म्हणजे कोपर थोडे वाकवून हात जितका पुढे जाईल तितके. फोन न उघडल्यास तो चेहऱ्याच्या अधिक जवळ नेण्याची आपली सहजप्रवृत्ती असते आणि ती नेमकी चुकीची आहे. टेबलावर कीबोर्डशेजारी आडवा ठेवलेला फोन हे आणखी एक नेहमीचे ठिकाण: आपण वाकून पाहतो तेव्हा भिंगासमोर हनुवटी, नाकपुड्या आणि छतावरचा दिवा एवढेच येते. पंचेचाळीस अंशांत उभा धरणारा एक साधा स्टँड हा प्रश्न कायमचा सोडवतो. फेस आयडी मुळात उभ्या धरलेल्या फोनसाठीच होते. आयफोन १३ आणि त्यापुढच्या फोनांत आयओएस १६ या सॉफ्टवेअर-आवृत्तीपासून ते आडव्या फोनवरही चालते, जुन्यांत नाही. अंथरुणात कुशीवर झोपून पाहताना अर्धा चेहरा उशीत दबलेला असतो, तिथे थोडी मान उचलणे किंवा सरळ पासकोड टाकणे बरे.

चेहरा बदलला असेल, तर

दाढी हळूहळू वाढली तर बहुतेक फोन तिच्याबरोबर चालत राहतात. जाड दाढी एका दिवसात काढली, किंवा नवा जाड फ्रेमचा चष्मा आला, तर अडतात. इथे फेस आयडीची एक कामाची रीत माहीत असावी. चेहरा जुळण्याच्या अगदी जवळ येऊन फसला आणि लगेच आपण योग्य पासकोड टाकला, तर फोन त्या नव्या रूपाची नोंद जुन्या ओळखीला जोडून घेतो. म्हणून फसल्यावर चिडून फोन बंद-चालू करण्याऐवजी तिथल्या तिथे, चेहरा समोर ठेवूनच पासकोड टाकावा. दोन-चार दिवसांत फरक जाणवतो. याच रीतीची दुसरी बाजू अशी की, आपल्यासारख्या दिसणाऱ्या भावंडाने किंवा मुलाने चेहरा फसल्यावर वारंवार आपला पासकोड टाकला, तर फोन त्याचा चेहराही थोडाथोडा शिकू शकतो. पासकोड घरात सर्वांना ठाऊक असेल, तर हे लक्षात ठेवावे.

रूप रोजच दोन प्रकारचे असेल, उदाहरणार्थ कामावर हेल्मेट आणि संरक्षक चष्मा, इतर वेळी काहीच नाही, तर दुसरे रूप स्वतंत्र नोंदवणे उत्तम. आयफोनमध्ये आयओएस १२ पासून ‘सेट अप ॲन अल्टरनेट अपिअरन्स’ हा पर्याय आहे, आणि सॅमसंगमध्ये ‘ॲड अल्टरनेटिव्ह लूक’ असा पर्याय दिसतो. आयफोनमधील ही जागा अनेक जण जोडीदाराच्या चेहऱ्यासाठी वापरतात. ती सोय समजण्यासारखी आहे, मात्र मग स्वतःच्या दुसऱ्या रूपासाठी जागा उरत नाही.

मास्कसह ओळखण्याची सोय आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनांत, २०२२ मध्ये आलेल्या आयओएस १५.४ पासून आहे. ती डोळ्यांभोवतीच्या भागावर अवलंबून असल्याने प्रत्येक चष्मा तिच्यात वेगळा जोडावा लागतो आणि गॉगलबरोबर ती चालत नाही. मास्क नसतानाही काही गॉगल इन्फ्रारेड किरण अडवतात. मग फोनला डोळे दिसत नाहीत आणि ‘रिक्वायर अटेन्शन फॉर फेस आयडी’ ही अट पूर्ण होत नाही, कारण तिला तुमची नजर फोनकडे आहे याची खात्री हवी असते. ही अट बंद केली की असा गॉगल घालूनही फोन उघडू लागतो, पण त्याबरोबरच तुम्ही त्याकडे पाहत नसतानाही तो उघडू शकतो. मी ती सुरूच ठेवतो आणि गॉगल वर सरकवतो. दृष्टिदोषामुळे नजर एका जागी स्थिर ठेवणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी मात्र ती बंद करणेच योग्य आहे. फोन पहिल्यांदा सुरू करतानाच व्हॉइसओव्हर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय) चालू केले तर ॲपल ही अट आपोआप बंद ठेवते. सॅमसंगमधील ‘रिक्वायर ओपन आइज’ ही याच जातीची सेटिंग आहे.

नव्याने नोंदणी, पण नीट

इथपर्यंत सर्व करूनही ‘चेहरा जुळला नाही’ हीच सूचना येत राहिली, तर आता जुनी नोंद पुसावी. काच पुसावी, गार्डबद्दल शंका असेल तर तो काढावा, आणि दिवा किंवा खिडकी समोर येईल असे बसावे. डोक्यावरचा एकटा दिवा नको, त्याने डोळ्यांखाली सावल्या पडतात. दिवसाचा बहुतेक वेळ ज्या अवस्थेत जातो, त्या अवस्थेत चेहरा नोंदवावा: नेहमी चष्मा असेल तर चष्म्यासह, केस कपाळावर येत असतील तर तसेच. फोन डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर स्थिर धरावा. आयफोनमध्ये वर्तुळ पूर्ण करताना फोन न हलवता मान फिरवायची असते, तीही सावकाश. घाईने फिरवली तर कडेचे कोन अर्धवट नोंदले जातात आणि पुढे किंचित तिरका धरलेला फोन उघडत नाही. दोन्ही फेऱ्या पूर्ण कराव्यात.

नोंदणीनंतर तपासणी त्याच खोलीत करून थांबू नये. तुमच्या दोन दिवसांच्या नोंदीत जिथे-जिथे फोन फसला होता, त्या जागी, त्या वेळी आणि तसाच धरून पुन्हा प्रयत्न करावा, कारण तुलना करण्यासाठीच ती नोंद ठेवलेली होती.

सॉफ्टवेअर

दोष अमुक दिवशी अचानक सुरू झाला असेल, तर त्याच सुमारास अपडेट आले होते का, ते आठवावे. फोन बंद करून सुरू करावा आणि प्रलंबित अपडेट घ्यावे. फेस अनलॉकचे वर्तन अपडेटने खरोखर बदलते: पिक्सेल ४ सुरुवातीला मिटलेल्या डोळ्यांनीही उघडत असे, आणि डोळे उघडे असण्याची अट एप्रिल २०२० च्या अपडेटने आली. फोन उघडतो पण एखादे ॲपच चेहरा स्वीकारत नसेल, तर ती परवानगी त्या ॲपच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये वेगळी असते. फॅक्टरी रीसेटची, म्हणजे सर्व काही पुसून फोन नव्यासारखा करण्याची, घाई करू नये. सेल्फी कॅमेराच काळा दिसत असेल तर त्याने काही साधत नाही.

सुटे भाग

फोन पडला, पाण्यात गेला किंवा त्याची स्क्रीन बदलली, आणि त्यानंतर चेहरा ओळखणे पूर्णपणे बंद झाले, तर कारण बहुधा आत असते. आयफोनवर फेस आयडी उपलब्ध नसल्याची, किंवा तो थोडा वर-खाली हलवण्याची सूचना कुठल्याही उजेडात सतत येत राहणे ही त्याची खूण आहे. आयफोन एक्सपासून १२ पर्यंतच्या फोनांत चेहरा उजळवणारा इन्फ्रारेड दिवा कानाजवळच्या स्पीकरच्या पट्टीवर असतो आणि ती पट्टी स्क्रीनला जोडलेली असते. स्क्रीन बदलताना मूळ पट्टी जपून नव्या स्क्रीनवर लावावी लागते. फेस आयडीचे भाग त्या-त्या फोनच्या मुख्य सर्किटशी कारखान्यातच जोडलेले असल्याने दुसऱ्या फोनमधून काढलेला भाग नुसता बसवून चालत नाही. दुरुस्तीला देताना चेहरा ओळखणे आधी चालत होते की नाही हे दुरुस्ती करणाऱ्यासमोर दाखवावे, आणि परत घेताना दुकानातून निघण्यापूर्वीच पुन्हा तपासावे.

जिथे उपाय नाही

फोन तुम्हाला ओळखत नाही ही एक तक्रार, आणि तो दुसऱ्यालाही ओळखतो ही दुसरी. फेस आयडी भलत्याच माणसाला उघडण्याची शक्यता दहा लाखांत एक असल्याचे ॲपल सांगते, पण जुळी भावंडे, एकमेकांसारखी दिसणारी सख्खी भावंडे आणि १३ वर्षांखालील मुले यांच्या बाबतीत ती शक्यता जास्त असल्याचेही तीच कंपनी सांगते. साध्या कॅमेऱ्याच्या फोनात हा धोका आणखी मोठा असतो. अशा घरात नोंदणी कितीही काळजीपूर्वक केली तरी उपयोग होत नाही. तिथे चेहऱ्याची सोय बंद करून बोटाचा ठसा, आणि तो नसेल तर सहा अंकांचा पासकोड वापरावा.